घरगाडीचा मागचा पत्रा

त्रिशलानं पत्र्यावर पेन्सिलीनं फुली मारली, स्टुलावरून खाली उतरली आणि मला म्हणाली, "इथं भोक पाडा."

ड्रिल माझ्या हातात होतं. वायर घरातून ओढून आणली होती, पातं लावून झालं होतं. पण हात वर जाईना. मी म्हणालो, आणखी एकदा विचार कर, कॅमेरा नंबर प्लेटच्या पट्टीवर लावता येईल, बंपरला लावता येईल, पत्र्याला कशाला हात लावायचा? बायको म्हणाली की बंपरला लावला तर चिखल बसेल आणि पट्टी सारखी थरथरते. विचार करून झालाय. मग तिनं स्टूल माझ्या पायाशी सरकवलं.

तो मागचा पत्रा अखंड होता. सव्वासहा फूट रुंद, सात फूट उंच, मध्ये एकही जोड नाही. कोल्हापूरजवळ महामार्गालगत माझी शेड होती आणि पस्तीस वर्षं मी तिथं बस-ट्रकच्या बॉडी बांधल्या. लोकांच्या गाड्यांना जसं गिऱ्हाईक म्हणेल तसं करावं लागतं. पत्रा स्वस्तातला लाव म्हटलं की लावायचा, जोड दिसला तर दिसू दे म्हटलं की दिसू द्यायचा. शेड मुलाच्या नावावर करून भाड्यानं दिली, जयसिंगपूरच्या घरी येऊन बसलो आणि एक जुनी मिनीबस विकत घेतली. तिचा सांगाडा सोडून सगळं उतरवलं आणि दोन वर्षं खपून स्वतःसाठी गाडी बांधली. मागं पलंग, कोपऱ्यात बाथरूम, मध्ये ओटा आणि शेगडी, पुढं बसायला बाकडी. टपावर पाण्याची टाकी. आमच्या गल्लीत तिला घरगाडी म्हणायचे. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी मागं न्यायचो आणि तो पत्रा दाखवायचो. माणसाला त्यातलं कळो न कळो, हात फिरवून बघ म्हणायचो.

आणि त्याला आता भोक.

याला कारण झालं होतं दिवाळीतलं खांबाचं प्रकरण. आमचा मुलगा अभिनंदन, सून केतकी आणि चार वर्षांची नात पूर्वा पुण्याहून आली होती. अभिनंदनला गाडी दाखवायची म्हणून मी त्याला शेजारी बसवून गावाबाहेर एक चक्कर मारून आणली. परत आल्यावर गाडी मागं घेत फाटकातून आत घालत होतो. दोन्ही आरसे बघून, अगदी सावकाश. तेवढ्यात त्रिशला व्हरांड्यातून अशी ओरडली आणि पळत सुटली की मी दचकलो. स्टिअरिंग फिरलं, बंपर फाटकाच्या सिमेंटच्या खांबाला लागला आणि खांब मुळापासून आडवा झाला.

मी खाली उतरलो तो रागानंच. ती पूर्वाला कडेवर घेऊन गाडीच्या मागं उभी होती. मुलासमोर, शेजारच्या पाटलांसमोर मी तिला बोललो. खांब मला दिसत होता, म्हणालो, हातभर जागा शिल्लक होती, तू ओरडली नसतीस तर काही झालं नसतं. ती एवढंच म्हणाली, "चुकलंच माझं."

पुढं दोन महिने तो किस्सा मी गावभर सांगितला. केस कापायला गेलो तिथं, बँकेत, देवळाच्या ओट्यावर. बायकोनं नुसतं किंचाळून खांब पाडला, असं म्हणायचो आणि लोक हसायचे. ती बरोबर असली तरी सांगायचो. ती ऐकून घ्यायची.

जानेवारीत आमचं पहिल्या प्रवासाचं ठरत होतं. पंढरपूर रस्त्यानं बार्शी, तिथून कुंथलगिरीचं जैन तीर्थ, तिथं दोन दिवस राहून पुढं जमेल तसं. मी नकाशा काढून बसलो होतो. त्रिशला भाजी निवडत होती. ती म्हणाली, गाडीला मागं कॅमेरा लागल्याशिवाय मी येणार नाही. मला वाटलं चेष्टा करतेय. मग वाटलं, मी खांबावरून बोलतो त्याचा राग काढतेय. मी तिला सांगितलं की माझी मान अजून दोन्हीकडं वळते आणि गाडीचं बूड कुठं आहे ते मला पाठीनं कळतं. ती म्हणाली, "तुम्हाला कळत असेल. मला बघायचंय."

मी दोन आठवडे नाही म्हणालो. तिनं बॅग भरली नाही. शेवटी मी म्हणालो, लाव, पण एक अट आहे. वायर न्यायला मी सीलिंग उघडू देणार नाही. मागच्या पत्र्यापासून पुढच्या काचेपर्यंत चोवीस फूट आहेत. सगळी प्लाय मी एकेक स्क्रू मोजून बसवलीय. मला वाटलं, इथं ती अडेल. ती सांगलीला जाऊन बिनवायरचा कॅमेरा घेऊन आली. कॅमेऱ्याचं चित्र हवेतून पुढच्या स्क्रीनवर जातं, वायर फक्त मागच्या मागं, रिव्हर्सच्या पांढऱ्या दिव्यापासून करंट घेण्यापुरती. दुकानदार म्हणाला होता की फिटिंगला माणूस पाठवतो. हिनं त्याला नको म्हणून सांगितलं होतं.

"मग कोण करणार?" मी विचारलं.

"मी," ती म्हणाली.

त्रिशला टेलिफोन खात्यात होती. लग्न झालं तेव्हा ऑपरेटर होती, पुढं एक्स्चेंज बदललं, ऑपरेटरची गरज उरली नाही, तेव्हा तिनं ट्रेनिंग घेतलं आणि आतल्या कामाला गेली. आत म्हणजे नेमकं कुठं आणि काय काम, ते मी कधी विचारलं नाही. सकाळी नऊला डबा घेऊन जायची आणि सहाला यायची. पगार व्हायचा. माझ्या शेडवर ती शंभरदा आली असेल, कामगारांना दिवाळीचे लाडू घेऊन, कधी माझा विसरलेला चष्मा घेऊन. मी तिच्या ऑफिसच्या फाटकापर्यंत जायचो, पावसाळ्यात तिला आणायला. आत कधी गेलो नाही. तसा प्रसंगच आला नाही असं मी तेव्हा म्हटलं असतं.

तर त्या सकाळी मी भोक पाडलं. पण फुलीवर नाही. तिची फुली जिथं होती तिथं आत सांगाड्याची पट्टी आडवी जात होती, ते पत्र्यावर बोटानं ठोकून मला कळलं. मी म्हणालो, दोन बोटं खाली घे, नाहीतर पट्टीला लागून पातं तुटेल. तिनं फुली पुसली आणि दोन बोटं खाली मारली. पत्र्याचा बारीक कीस माझ्या मनगटावर पडत होता. आरपार गेलं तेव्हा मी डोळे मिटले होते, हे तिला दिसू नये म्हणून चष्मा पुसायला लागलो.

भोकात रबराची चकती बसवून तिनं वायर आत घेतली. मागचा पांढरा दिवा उघडला. चार वायरी होत्या, त्यातल्या दोन मीच एका रंगाच्या टाकल्या होत्या, त्या दिवशी दुसरा रंग संपला होता म्हणून. तिनं माझ्याकडं बघितलं फक्त. मग तपासायचा बल्ब लावून, मला रिव्हर्स टाकायला आणि काढायला लावून, तिला हवी ती शोधली. दोन्ही वायरींची टोकं सोलली. मी बघतच राहिलो. पस्तीस वर्षं मी कामगारांचे हात बघत आलो. एखाद्यानं हत्यार नुसतं उचललं की मला कळतं, याला दिवसाला किती द्यायचे. तिनं वायर अंगठा आणि बोटात फिरवली, तांब्याची एक तार तुटली नाही की एक बाहेर राहिली नाही. पीळ दिला, टेप गुंडाळली, ओढून बघितलं. पुढच्या जोडाला तिनं वायरीकडं बघितलंसुद्धा नाही, मला काहीतरी सांगत होती.

हे हात रोज माझ्या ताटात पोळी वाढत होते.

कॅमेऱ्याची वायर बाथरूमच्या मागच्या कोपऱ्यात निघाली होती. तिथल्या फळीवर तिनं ती चित्र पाठवणारी काडेपेटीएवढी डबी बसवली. पुढं माझ्या काचेखाली स्क्रीन लावला. मी बसून रिव्हर्स टाकला. स्क्रीन निळा झाला आणि निळाच राहिला. वर लिहिलं होतं, सिग्नल नाही.

मला आत कुठंतरी बरं वाटलं, हे कबूल करतो. मी म्हणालो, आता दुकानदाराला परत देऊ. ती म्हणाली, आधी फॉल्ट कुठं आहे ते तर बघू.

तिनं पुढचा स्क्रीन काढला. स्कूटरची बॅटरी बाजारच्या पिशवीत घालून खांद्याला अडकवली, तिला स्क्रीन जोडला आणि गाडीच्या बरोबर मध्यावर, ओट्यापाशी येऊन उभी राहिली. निळा. मग मध्य आणि मागचं टोक यांच्या मध्ये, पलंगाच्या कडेला. निळा. मग बाथरूमच्या दारात. निळाच. दार उघडून एक पाऊल आत टाकलं आणि स्क्रीनवर आमचं फाटक दिसलं, नवा खांब दिसला, रस्त्यावरची गाय दिसली.

"अर्धं-अर्धं करत जायचं," ती मला म्हणाली. "सगळी वायर तपासत बसलं तर दिवस जातो. मध्यावर बघायचं. खोट कुठल्या अर्ध्यात आहे ते कळलं की त्याचं परत अर्धं."

बाथरूम मी आतून-बाहेरून स्टीलच्या पत्र्यानं मढवलं होतं, पाणी मुरू नये म्हणून. तिची डबी स्टीलच्या पेटीत कोंडल्यासारखी झाली होती. डबीतून निघणारी एक वीतभर काळी तार पत्र्याच्या बाहेर, पलंगाच्या बाजूला काढली की काम होईल, असं ती म्हणाली. म्हणजे आणखी एक भोक. ती सांगायला लागली तेव्हा मी ड्रिल घेऊन आत गेलोच होतो. कुठं पाडू, एवढंच विचारलं.

चित्र आलं. ते उलटं होतं, डावं उजवीकडं. ती मागं जाऊन उजवा हात वर करायची, मी पुढून ओरडून सांगायचो, डावा दिसतोय. तेही तिनं पुस्तिका वाचून सरळ केलं. मग तिनं बंपरपासून एक, दोन, तीन मीटरवर विटा मांडल्या आणि स्क्रीनवरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेघा त्या विटांशी जुळतात का ते बघायला लावलं. मला वाटलं झालं. मी इंजीन बंद करणार होतो.

पण ती अजून मागंच होती. उकिडवी बसली होती, बंपरच्या अगदी जवळ, गुडघे छातीशी घेऊन. मला ओरडून विचारत होती, "दिसते का?"

मी म्हणालो डोकं दिसतंय. ती उठली, कॅमेरा जरा खाली वाकवला, पुन्हा बसली. मग डाव्या चाकामागं जाऊन बसली. मग उजव्या. मग तिथंच खाली मान घालून, जमिनीवरचं काही वेचल्यासारखं. साठीची बाई, गुडघे दुखणारी, सात-आठ ठिकाणी बसली आणि उठली. मी हसलो. गाडीच्या मागं असं कोण बसतं, असं विचारलं. प्रत्येक जागी 'पूर्ण दिसतेस' असं मी म्हणेपर्यंत तिनं कॅमेरा सोडला नाही. शेवटी सगळे स्क्रू आवळले आणि भोकाच्या कडेनं सिलिकॉन भरलं. त्यावरून बोट इतकं साफ फिरवलं की मला पुन्हा हात लावावा लागला नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघालो. पहिल्या दिवशी मला गाडीचा आवाज ऐकायलाच गंमत वाटत होती. कपाटं वाजत नव्हती, टाकी गळत नव्हती. पंढरपूरच्या अलीकडं मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी दुपारी बार्शीच्या अलीकडं एका ढाब्यावर जेवायला थांबलो. आवारात एक मोठं चिंचेचं झाड होतं, पण त्याच्या सावलीत आधीच ट्रक लागले होते. मी गाडी उन्हात भिंतीकडं तोंड करून लावली. जेवलो. त्रिशलानं ताक पिऊन घेतलं. तासाभरानं परत आलो, मी चढलो, ती चढली. मी दोन्ही आरसे बघितले. काही नव्हतं. रिव्हर्स टाकला.

स्क्रीनवर दोन तळपाय होते.

भेगा पडलेले, धुळीनं पांढरे, टाचा माझ्याकडं. मला एकदम कळेना की मी काय बघतोय. मग एक पाय गुडघ्यात आखडून वर आला. ऊन कलल्यावर गाडीची सावली मागं पडली होती आणि त्या सावलीत कुणीतरी येऊन झोपलं होतं. पालथं, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत बंपरच्या खाली. माझा पाय ब्रेकवर होता. तो मी सगळा जोर लावून दाबून धरला.

त्रिशला खाली उतरून मागं गेली. ती वाकून त्या माणसाला उठवताना मला स्क्रीनवर दिसत होती. उसाच्या फडावरचा मजूर असावा, डोक्याला टॉवेल. तो उठला, अंगावरची धूळ झटकली, तिला काहीतरी म्हणाला आणि ट्रकांच्या सावलीत जाऊन पुन्हा आडवा झाला. त्याला विशेष काही वाटलंसं दिसलं नाही.

ती परत येऊन बसली. मी इंजीन बंद केलं. मग मी म्हणालो, कॅमेरा नसता तर आज काय झालं असतं. म्हणालो म्हणजे पुटपुटलो. आरशात काहीच नव्हतं, हे तिला दोनदा सांगितलं.

"खांबाच्या दिवशी पूर्वा मागं होती," ती म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं. ती समोर भिंतीकडं बघत होती.

"बंपरपासून हातभर. न फुटलेल्या लवंगी वेचत बसली होती, उकिडवी. केतकी स्वयंपाकघरात होती. मी व्हरांड्यात आले तेव्हा गाडी मागं येत होती. आरशात ती कुणालाच दिसली नसती. मी ओरडले म्हणून तुम्ही दचकलात, स्टिअरिंग फिरलं, गाडी खांबाकडं गेली. तेवढ्यात मला ती उचलता आली."

मला ती सगळी संध्याकाळ एकदम दिसली. पूर्वाला कडेवर घेऊन उभी असलेली त्रिशला, पूर्वाच्या मुठीतल्या दोन लवंगी. मी त्या बघितल्याही होत्या. आणि मी तिला काय बोललो होतो. मग न्हाव्याच्या दुकानातले लोक, बँकेतले, ओट्यावरचे. सगळे हसणारे.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी म्हणालो. "मी चारचौघांत तुला बोल लावला. दोन महिने लावत होतो."

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याच आठवड्यात गाडी विकली असतीत. आणि पूर्वाला मांडीवर घेताना दर वेळी तुम्हाला तेच दिसलं असतं." तिनं पदरानं स्क्रीनवरची धूळ पुसली. "माझं काय गेलं? मी ओरडले होतेच की."

"मग आज कशाला सांगितलंस?"

"आज तुम्ही थांबलात म्हणून," ती म्हणाली.

मी किल्ली काढून तिच्या मांडीवर ठेवली. आता मी ही गाडी चालवणार नाही, म्हणालो, अभिनंदनला फोन करतो, तो येऊन घेऊन जाईल. मला खरंच तसंच वाटत होतं. तिनं किल्ली उचलली नाही.

"गाडीला मागं डोळे नव्हते," ती म्हणाली. "ते लावलेत. तुम्ही गाडी सोडावी म्हणून नाही लावले मी. आणि मला चालवता येत नाही. अभिनंदन येईपर्यंत काय या ढाब्यावर राहायचं?"

मी उतरलो. ढाब्याच्या नळावर तोंड धुतलं. मग गाडीच्या मागं गेलो आणि तो माणूस झोपला होता तिथं बसलो, उकिडवा, ती बसली होती तसा. वर माझा पत्रा होता, आणि त्यात मध्यभागी तो कॅमेरा, खाली वाकवलेला, सरळ माझ्याकडं बघणारा. तिनं त्या दिवशी गुडघे दुखत असताना सात-आठ जागी बसून बघितलं होतं ते कुणाच्या उंचीचं होतं, हे मला तिथं कळलं. मी किती वेळ बसलो ते माहीत नाही. उठताना बंपरचा आधार घ्यावा लागला.

वर चढलो तेव्हा तिनं किल्ली लावून अर्धी फिरवून ठेवली होती, गाडी अजून रिव्हर्समध्येच होती आणि ती स्क्रीनकडं बघत होती. सगळा वेळ तिला मी दिसत असणार. मी इंजीन चालू केलं, स्क्रीन बघितला, दोन्ही आरसे बघितले, परत स्क्रीन बघितला आणि गाडी इंचाइंचानं मागं घेतली. मागून एक ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. वाजवू दे म्हटलं.

कुंथलगिरीला पोचलो तेव्हा दिवस मावळायचा होता. दर्शन करून आल्यावर मी अभिनंदनला फोन लावला. त्रिशला नको म्हणाली, आता कशाला, पण मी लावला. त्याला सगळं सांगितलं. खांब का पडला आणि कुणामुळं कोण वाचलं ते. मग केतकीनं त्याच्या हातातून फोन घेतला असावा. तिला मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, काही वगळलं नाही. ऐकून ती एवढंच म्हणाली, "आईंना द्या." मी फोन त्रिशलाला दिला आणि लांब जाऊन पायऱ्यांवर बसलो. त्या दोघी खूप वेळ बोलत होत्या. काय बोलल्या ते मला आजतागायत ठाऊक नाही. गावी परतल्यावर न्हाव्याकडं, बँकेत आणि ओट्यावरही मी जाऊन खरी गोष्ट सांगितली. तिथं कुणी हसलं नाही. याला आता आठ वर्षं झाली. पूर्वा सातवीत आहे. ती त्या गाडीतून आमच्याबरोबर गोव्यापर्यंत येऊन गेली.

पण मला जे सांगायचंय ते कुंथलगिरीच्या दुसऱ्या सकाळचं. गाडीतळावर आमच्या शेजारी कारंज्याहून आलेली यात्रेकरूंची मिनीबस उभी होती. तीसेक माणसं, बहुतेक म्हातारी. ड्रायव्हर गजानन म्हणून तिशीतला माणूस होता. मी सकाळी गाडी जरा मागं घेतली ते त्यानं बघितलं. जवळ येऊन म्हणाला, "काकाजी, तुमचा क्यामेरा तर मस्त चालून राहिला. माझा महिना झाला, निस्ता निळाच. कोणाकडून बसवला?"

मी त्रिशलाकडं बोट केलं. ती शेगडीवर चहा करत होती. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

तिनं चहा उतरवला, पदर खोचला आणि त्याच्या बसमध्ये चढली. म्हातारी माणसं देवळात गेलेली होती. पाच मिनिटांत तिला कळलं की स्क्रीन चांगला आहे. दहाव्या मिनिटाला ती मागच्या दाराशी होती. तिथं बिजागरीजवळ वायर रोज दार उघडून मिटून वरून धड आणि आतून तुटली होती. आवरण कापून तिनं आतलं काळं पडलेलं तांबं गजाननला दाखवलं. तोवर तळावरचे आणखी चार-पाच ड्रायव्हर येऊन उभे राहिले होते. कुणीतरी म्हणालं, मावशी, शॉक बसेल. ती म्हणाली, बारा व्होल्टचा नाही बसत.

मी तिच्या मागं उभा होतो. एका हातात टेप, दुसऱ्यात पकड, खिशात चाकू. ती न बघता हात मागं करायची आणि मी वस्तू द्यायचो. आधी एकदा चुकलो, टेपच्या जागी पकड दिली. तिनं ती परत केली. पुढं नाही चुकलो. तिनं दोन्ही टोकं सोलली, आणि तो पीळ दिला, अंगठा आणि बोटात फिरवून, एक तार बाहेर न ठेवता. मी सगळ्या ड्रायव्हरांच्या तोंडाकडं बघत होतो. ते सगळे तिच्या हातांकडं बघत होते. मला आयुष्यात माझ्या कुठल्याही गाडीपाशी उभं राहून एवढं भरून आलं नव्हतं.

गजानननं आत जाऊन रिव्हर्स टाकला आणि आतून ओरडला की आलं, सगळं आलं, काकाजींचे पायसुद्धा दिसून राहिले. बाकीचे हसले. एकानं विचारलं, मावशी कुठं शिकल्या हे? मी म्हणालो, टेलिफोनमध्ये होत्या, एकतीस वर्षं.

तो म्हणाला, "अन् काकाजी, तुम्ही काय करता?"

"मी यांच्या हाताखाली असतो," मी म्हणालो.

त्रिशलानं मान वळवली नाही. जोडावर शेवटचा वेढा घालायचा राहिला होता. तिनं हात मागं केला, आणि मी टेप दिली.